रेहानानं घरी जोडलेला कॉम्प्युटर

रेहाना गेली.

काल संध्याकाळी. डोकं लई दुखतंय म्हणाली, ओकारी झाली, आडवी झाली. सोलापूरला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव.

मला अजून रडू आलेलं नाही. नुसतं बसवतही नाही, म्हणून लिहितेय.

रेहाना माझी कॉलेजची मैत्रीण. इथंच, धाराशिवला. लग्नानंतर ती एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करायची. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, दुकानांच्या पाट्या. गावातल्या निम्म्या पाट्या तिच्या हातच्या, पण खाली नाव दुकानाचं.

मग तिच्या सासूला, अम्मींना, लकवा मारला. घरी दुसरं कुणी नाही. तिचा नवरा युनूस टेम्पो चालवतो, तो दिवसभर बाहेर.

दुकानाचे शेठ म्हणाले, "घरी कॉम्प्युटर असेल तर घरून कर. न्हायतर मला दुसरी पोरगी बघावी लागंल."

तयार कॉम्प्युटर परवडत नव्हता.

"सुटे पार्ट आणू. आपणच जोडू," ती म्हणाली.

"तुला येतं?"

"न्हाय. तुला?"

"मलापण नाही."

"मग झालं तर. भांडण न्हाय होणार."

एसटीनं सोलापूरला गेलो. काही पार्ट नवे, काही सेकंडहॅंड. येताना कॅबिनेट तिच्या मांडीवर, मॉनिटर माझ्या. कंडक्टर म्हणाला, "ताई, टीव्ही का?" ती म्हणाली, "नोकरी आहे दादा."

अम्मींच्या पलंगाशेजारी चादर अंथरून बसलो. मोबाइलवर व्हिडिओ लावला. थांबव, मागं घे, परत बघ.

अम्मींचं बोलणं तेव्हा अडखळायचं. तरी पलंगावरून सूचना चालू. "पोरींनो, शॉक बसंल. चपला घाला."

बटन दाबलं. काहीच नाही. सगळं उघडलं, परत जोडलं, परत काहीच नाही.

शेवटी कळलं, रॅम नीट बसलीच नव्हती. मोडेल म्हणून रेहाना जोर लावत नव्हती. मग डोळे मिटून, बिस्मिल्ला म्हणून दाबली. खट्ट. स्क्रीनवर अक्षरं आली.

ती ओरडली नाही, नाचली नाही. अम्मींचा हात धरून बसली.

आता ऑपरेटिंग सिस्टीम. पार्टमध्येच सगळे पैसे संपलेले. इंटरनेटवर एक विक्रेता सापडला. लायसन्स की अगदी स्वस्तात, सेटअपची लिंकही तोच देणार. ईमेलनं लायसन्स की आली, ती टाकली, चालू झालं. आम्ही पेढे खाल्ले.

महिनाभर मस्त चाललं. शेठनी काम वाढवलं.

मग एका सकाळी तिचा फोन. आवाज एकदम सपाट.

"सुजा, फायली उघडत न्हायत. एकपण न्हाय. आणि वर मेसेज येतोय, लायसन्स की चालत न्हाय म्हणून."

त्या लिंकमधूनच काहीतरी आत शिरलं होतं. विक्रेत्याला ईमेल केली, उत्तर नाही. संध्याकाळी वेबसाइटच गायब.

येरमाळ्याच्या एका घरची लग्नपत्रिका दुसऱ्या दिवशी प्रेसला जायची होती.

शेठ म्हणाले, "पेनड्राइव्हवर सिस्टीमची कॉपी देतो ना. सगळेच वापरतात. टाक आणि मोकळी हो."

ती म्हणाली, "न्हाय शेठ. कुणाच्या हातची चोरी आहे ते कळत न्हाय आणि लोकांची कार्यं माझ्या मशीनमध्ये आहेत. आता एक तर रीतसर, न्हायतर फुकटची."

बनवणारेच मोफत देतात ती फुकटची सिस्टीम माझ्या लॅपटॉपवर उतरवली. तिनं स्वतःच्या हातानं डिस्क पुसली. जुने फॉन्ट चालेनात, जोडाक्षरं फुटायला लागली. 'श्री' म्हणून टाइप केलं की तीन तुकडे.

मग तिनं वधूपित्याला फोन लावला. मला वाटलं, काहीतरी कारण सांगेल.

"काका, माझ्या कॉम्प्युटरमधनं तुमची पत्रिका उडाली. चूक माझी आहे. तुम्हाला पाठवलेला पत्रिकेचा फोटो परत पाठवा, बघून नव्यानं करते."

काका म्हणाले, "पत्रिका उडाली, लग्न तर न्हाय ना उडालं? कर बाई."

दुसरा फॉन्ट शोधला. तिनं नाव न् नाव नव्यानं टाइप केलं आणि फोनवर मोठ्यानं वाचून दाखवलं. मध्येच काका म्हणाले, "थांब थांब. आत्याचं नाव कुठंय?"

पहिल्या पत्रिकेतही नव्हतं. घरात कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

"बरं झालं उडाली! आत्या लग्नात उभी राहिली नसती," काका म्हणाले.

पत्रिका वेळेत छापली. रेहानाला लग्नाचं आमंत्रण आलं, तिचं जेवण काकांनी घरी पाठवलं, कारण अम्मींना सोडून ती जाऊ शकली नाही.

पुढं तिनं रीतसर लायसन्स घेतलं. तोवर फुकटच्या सिस्टीमवरच लग्नाचे दोन सीझन काढले. गल्लीतल्या पोरी शिकायला यायच्या. अम्मी पलंगावरून कुणाचा रंग चांगला, कुणाचा भडक ते सांगायच्या. आता त्यांचं बोलणं बरंच सुधारलंय. रेहाना दिवसभर त्यांच्याशी बोलायची ना, काम करता करता.

आज सकाळी युनूसभाई म्हणाले, "ताई, जनाज्याचा मेसेज बनवायचाय. लोक विचारतायत. असं सगळं तीच बनवायची."

मी तिच्या खुर्चीवर बसले. नाव टाइप केलं. वेळ टाकली. फोटो लावला. कुठला रंग घ्यायचा कळेना.

अम्मी म्हणाल्या, "पांढराच राहू दे बेटा."

राहू दिला.

पाठवून झाल्यावर मी कॉम्प्युटर बंद करायला हात पुढं केला. अम्मी भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या, "असू दे चालू. बंद केला की खोली लई गप होती."

जोहरच्या, दुपारच्या नमाजनंतर तिला नेलं. आम्ही बाया घरीच बसलो.

रेहाना, अल्लाह तुला त्याच्याजवळ सुखात ठेवो.

उद्या सकाळी मी अम्मींकडं जाणार आहे.

तू निवांत जा.