सहा मिनिटांच्या रस्त्याचे टायर

माझ्या सासऱ्यांना सगळे 'हवावाले' म्हणतात. पंचेचाळीस वर्षांपूर्वी एक हातपंप आणि एक लाकडी स्टूल एवढ्या भांडवलावर त्यांनी रस्त्याच्या कडेला सायकलींत हवा भरायला सुरुवात केली, तेव्हापासूनचं ते नाव. पुढे ट्रकचे टायर आले, मोटारींचे आले, दुकान झालं, दुकानात अलाइनमेंटचं मशीन आलं, पण नाव काही बदललं नाही. आजही गाडी आत आली, की मालक काय सांगतोय ते ऐकण्याआधी ते चारही चाकांची हवा बघतात. मगच मालकाकडे वळतात.

मी या घरात आले त्याला चौदा वर्षं झाली. नवरा मशीनवर असतो आणि मी काउंटरवर. फोन, कॉम्प्युटर, मागवलेला माल, आलेला माल, परत पाठवलेला माल हे माझं राज्य. मामंजी कॉम्प्युटरला हात लावत नाहीत. ते टायरला लावतात. डाव्या हाताच्या तर्जनीचं एक पेर एका ट्रकच्या रिमनं कधीच नेलंय, पण उरलेल्या हातानं ते टायर असा काही चाचपतात, की सुरुवातीला मला हसू यायचं. मला वाटायचं, गिऱ्हाइकावर छाप पाडायची ही एक पद्धत असेल. माझं हसू कधी बंद झालं, ते सांगते.

थंडीचे दिवस होते. सकाळी दुकान उघडून झाडून काढत होते, तेवढ्यात दारात एक गाडी येऊन थांबली. दोनच माणसांची, जमिनीला टेकेल इतकी बुटकी, गडद हिरवी स्पोर्ट्स कार. आतून चाळिशीच्या बाई उतरल्या. उतरल्या म्हणण्यापेक्षा वर आल्या म्हणायला हवं. केस घट्ट बांधलेले, पायात साधे बूट, हातात कागदांची चळत.

"मला चारही टायर बदलायचेत," त्या म्हणाल्या. "कुठले हवेत ते मी ठरवलंय."

त्या जवळच्या मोठ्या दवाखान्यात भूलतज्ज्ञ होत्या. गाडी त्यांनी दोन वर्षांपूर्वी वापरलेली घेतली होती. लहानपणापासूनची हौस. त्यांनी जो टायर निवडला होता तो त्या जातीतला सगळ्यात वरचा होता. शर्यतीच्या ट्रॅकवर चालतो, पण रस्त्यावरही चालवायला परवानगी असते, तसला. नक्षी कमी, रबर मऊ, जमिनीला घोरपडीसारखा चिकटणारा. बाईंनी चार-पाच टायरांची तुलना स्वतः तक्त्यात मांडली होती. पुढच्या चाकाचं माप वेगळं, मागच्याचं रुंद, वजन किती पेलायला हवं, वेग किती, सगळं बिनचूक. इतकं तयार गिऱ्हाईक मी आजवर पाहिलं नव्हतं. मी खूश होऊन ऑर्डरचा फॉर्म उघडला.

मामंजी तेव्हा मागच्या उजव्या चाकापाशी उकिडवे बसले होते. हवा बघून झाली होती. आता त्यांचा तळहात टायरवरून सावकाश फिरत होता. एकदा बाहेरून आत, एकदा आतून बाहेर. मग त्यांनी अंगठ्याचं नख रबरात रोवून पाहिलं. मग चष्मा कपाळावर चढवून टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचले.

"नक्षी तर बरीच शिल्लक आहे," ते म्हणाले. "गोटा झालेले नाहीत. का बदलताय?"

"पकड नाही त्यांना."

"कशी असेल? आठ वर्षांचे आहेत. हे आकडे बघा, कुठल्या आठवड्यात आणि कुठल्या वर्षी बनला ते लिहिलेलं असतं. आधीच्या मालकानं गाडी झाकून ठेवली असणार. नक्षी वाचली, पण रबर वाळलं. नख लागत नाही."

बाई वाकून ते आकडे बघायला लागल्या. सगळं वाचून आल्या होत्या, पण हे त्यांच्या नजरेतून निसटलं होतं, आणि ते त्यांना लागलेलं दिसत होतं.

मामंजींचा हात एका जागी थांबला होता. टायरच्या खांद्यावर, कडेला वळतो तिथे, रबर आडवं खरवडलं होतं त्या जागी. त्यांनी तिथून दोनदा बोटं फिरवली आणि वर न बघता, अगदी हवा किती भरू असं विचारावं तशा आवाजात विचारलं, "गाडी आडवी गेली होती का?"

मशीनवरच्या माझ्या नवऱ्यानं मान वळवली. मी की-बोर्डवरचा हात काढला.

"तीन आठवडे झाले," बाई शेवटी म्हणाल्या. "पहाटेचा पाऊस पडून गेला होता. दवाखान्याच्या आधी जे वळण आहे ना उताराचं, तिथे मागचा भाग सुटला. गाडी फिरून उलट्या तोंडानं उभी राहिली. समोरून कोणी येत नव्हतं म्हणून..." त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. "तशीच वळवून दवाखान्यात गेले. केस होती. घरी कुणाला सांगितलं नाही. आईला आधीच ही गाडी डोळ्यासमोर नको आहे."

दुसरं कोणी असतं तर इथे चार उपदेशाच्या गोष्टी ऐकवल्या असत्या. मामंजी गुडघ्यावर हात टेकून उठले. म्हणाले, "चूक रबराची होती. थोडी तुमची." आणि मला म्हणाले, "पाणी दे गं बाईंना."

बाईंच्या तोंडावर पहिल्यांदा हसू आलं. "थोडी?"

"थोडीच. ओल्या उतारावर अशा टायरवर मीसुद्धा फिरलो असतो. फक्त मी इतक्या वेगात नसतो, म्हणून लोकांना बघायला जास्त वेळ मिळाला असता."

मग त्यांनी बाईंचे कागद हातात घेतले, न वाचताच परत दिले आणि विचारलं, "ही गाडी एका दमात किती वेळ चालते?"

"म्हणजे?"

"घरातून निघालात की कुठे जाता, किती वेळ लागतो?"

"दवाखान्यात. कॉल आला की. सहा मिनिटं, फार तर सात. महिन्यातून एखाद्या रविवारी डोंगराच्या रस्त्याला जाते, सवड मिळाली तर."

"मग हे टायर मी लावणार नाही."

इतकी मोठी ऑर्डर! बाईंच्या कपाळावर आठी आली. "काका, मला स्वस्तातलं काही नकोय."

"स्वस्त-महाग मी बोललोच नाही. मला तुमच्याबरोबर एकदा त्या रस्त्यानं येऊ द्या. मग तुम्ही म्हणाल ते लावतो."

अडुसष्ट वर्षांचा माणूस त्या गाडीत कसा बसला ते दृश्य आम्ही दोघं नवरा-बायको जन्मभर विसरणार नाही. आधी डोकं, मग खांदा, मग एक पाय, आणि दुसरा पाय नवऱ्यानं बाहेरून उचलून आत ठेवला. वीस मिनिटांनी ते परत आले. तिथे काय झालं ते बाईंनीच नंतर मला सांगितलं.

दवाखान्याच्या आवारात पोचल्यावर मामंजी म्हणाले, "आता उतरा आणि टायरला हात लावा." त्यांनी लावला. गार होता.

"भूल देता तेव्हा सुई टोचल्याबरोबर माणूस झोपतो का?" मामंजींनी विचारलं.

"औषधावर आहे. माणसावर आहे."

"आणि जागा व्हायला?"

"त्यालाही वेळ लागतो."

"तुम्ही निवडलेल्या टायरचंही तसंच. ट्रॅकवर दोन-तीन फेऱ्या मारल्या, तापला, की मग तो जागा होतो. मग त्याच्यासारखा तोच. पण तुम्ही थंडीत सहा मिनिटांत इथे पोचता. तोवर तो झोपलेलाच असणार. शिवाय नक्षी कमी, पाणी बाहेर टाकायला वाटच नाही. त्या वळणावर तुम्ही झोपलेल्या टायरवर असाल, आणि तुम्हाला वाटत असेल की आपल्याकडे सगळ्यात भारी टायर आहेत. ते जास्त वाईट."

बाई म्हणाल्या, "आणि माझा रविवार?"

"रविवारी थोडी मजा कमी येईल," मामंजींनी कबूल केलं. "खोटं कशाला बोलू? वळणावर तुम्हाला फरक कळेल. पण रविवार महिन्यातून एक. कॉल किती?"

बाईंना आकडा ठाऊक होता.

दुकानात परत आल्यावर मी ऑर्डरचा फॉर्म बंद केला. मला माझीच लाज वाटत होती. मी मापं तपासली होती, वजन तपासलं होतं, आणि साधा प्रश्न विचारला नव्हता. मामंजींना ते कळलं असावं. बाईंच्या देखत म्हणाले, "हिनं तपासलेली यादी चोख होती, एक रकाना राहिला होता. आता तीच शोधेल. थंडीत लवकर जागा होणारा, ओल्यात धरणारा, पण गाडीला शोभणारा. तुमच्या गाडीला ट्रकचा टायर लावणार नाही, घाबरू नका."

मी आणि बाई शेजारी बसून दोन तास शोधत होतो. स्पोर्ट्स गाड्यांसाठीच बनवलेले, पण रोजच्या रस्त्यावर चालणारे असे दोन टायर उरले. एकाची कोरड्यातली पकड किंचित जास्त, दुसऱ्याची ओल्यातली. बाईंनी स्वतःच्या हातानं पहिल्यावर काट मारली. मी डीलरला फोन करून बजावून सांगितलं, की माल ताजा हवा, सहा महिन्यांच्या आतला.

तिसऱ्या दिवशी टायर आले. पुढची जोडी उत्तम. मागच्या जोडीतला एक दोन महिन्यांचा आणि दुसरा तीन वर्षांचा. डीलरकडचा माणूस फोनवर म्हणाला, "अहो ताई, न वापरलेला आहे, काय फरक पडतो?" मी मामंजींकडे पाहिलं. ते मुद्दाम दुसरीकडे बघत होते. मग मीच म्हणाले, "एका बाजूला जवान आणि एका बाजूला म्हातारा बसवला, तर ओल्यात गाडी कुठे ओढेल ते तुम्ही येऊन बघणार का?" आणि जोडी परत पाठवली. त्या दिवशी चहा मामंजींनी केला.

आता पंचाईत अशी, की नवे आले म्हणून गाडीचे जुने टायर आधीच उतरवून झाले होते आणि ती जॅकवर चार पाय वर केल्यासारखी उभी होती. बाईंना कॉल आला तर? मामंजींनी आपला फोन नंबर चिठ्ठीवर लिहून दिला. "मला फोन करा. आपली व्हॅन आहे."

बाईंना वाटलं, म्हातारा बोलायचं म्हणून बोलला. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो, तेव्हा फोन आला. मामंजी भरल्या ताटावरून उठले. हात धुतले की नाही तेही आठवत नाही. त्या चार दिवसांत त्यांनी बाईंना तीनदा सोडलं. तिसऱ्यांदा परतताना बाई दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "तुमचे सासरे मुंगीच्या चालीनं गाडी चालवतात. तरी मला फक्त दोन मिनिटं जास्त लागतात."

मामंजी तिथेच होते. मला वाटलं, आता हे म्हणतील, बघा, हळू गेलं तरी पोचतो माणूस. पण ते म्हणाले, "दोन मिनिटं म्हणजे तुमच्या कामात पुष्कळ."

"पुष्कळ," बाई म्हणाल्या.

"म्हणून तर टायरसाठी एवढी यातायात."

नवी जोडी आली. तेरा आठवड्यांपूर्वी बनलेली, दोन्ही एकाच आठवड्यातली. बसवायचं काम मामंजींनी कुणाला करू दिलं नाही. कडेला साबणाचं पाणी लावलं, फिरायची दिशा दाखवणारा बाण दोनदा पाहिला, बॅलन्सिंग केलं, नट पान्यानं मोजून आवळले, आणि गाडीच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला आकडा वाचून हवा भरली. "पहिले दीडशे किलोमीटर शहाण्यासारखं चालवा," त्यांनी बाईंना सांगितलं. "नवं रबर वरून गुळगुळीत असतं. आणि महिन्यातून एकदा हवा बघून जा, गाडी गार असताना."

महिना झाला, बाई आल्या, पण हवेसाठी नाही. रविवार होता, आभाळ भरलेलं होतं. मामंजींना डोंगराच्या रस्त्यानं फिरवून आणायचं होतं त्यांना.

"माझे गुडघे त्या गाडीत पुन्हा जाणार नाहीत," मामंजी म्हणाले. "हिला न्या. टायर हिनं शोधलेत."

चौदा वर्षांत मी दुकान उघडं असताना काउंटर सोडला नव्हता. गेले. वर पाऊस सुरू झाला. रस्ता काळाभोर, चकचकीत. प्रत्येक वळणाला मी सीटची कड धरत होते आणि प्रत्येक वळणातून गाडी सरळ, शांत बाहेर पडत होती. वरच्या मोकळ्या मैदानावर बाईंनी गाडी थांबवली, किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "आता तू."

परत आलो तेव्हा मामंजी दारातच उभे होते. त्यांनी आधी चारही टायरांकडे पाहिलं, मग बाईंकडे. "वळणावर फरक कळला?"

"कळला. थोडं आधी सावरावं लागतं."

"आणि दवाखान्याच्या वळणावर?"

"तिथे आता गाडी मनातच येत नाही," बाई म्हणाल्या. "पेशंटचा विचार करत जाते."

मामंजींनी मान डोलावली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "तू चालवलीस?"

"चालवली."

"किती वेगानं?"

मी आकडा सांगितला. मशीनमागे वाकलेला माझा नवरा ताडकन उभा राहिला.