कॉम्प्युटर केळीच्या चेंबरमध्ये

कॉम्प्युटरचा प्रोसेसर कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवता येतो आणि त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. नसतं कळलं तर डोक्याचा ताप वाचला असता.

झालं असं, की भाचीच्या हळदीत माझी आई नाचली होती. व्हिडिओ मीच काढला, नव्या कॅमेऱ्यावर, एकदम भारी क्वालिटीत. पुढे काही महिन्यांत आई गेली. तिचं हलतंफिरतं असं आमच्याजवळ तेवढंच, आणि तेही फक्त माझ्या कॉम्प्युटरमध्ये, कारण कॅमेऱ्याचं कार्ड केव्हाच पुसून झालेलं. वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं. त्या दिवशी सगळ्यांना, त्यातही आबांना, तो नाच नीट दाखवायचा असं मी मनाशी धरलं होतं. आबा म्हणजे माझे वडील. आई गेल्यावर सोनगीरच्या घराला कुलूप लावून जळगावला माझ्याकडे राहायला आलेले.

पण कॉम्प्युटर माझा कसला गुणाचा! व्हिडिओ लावला की आईचा हात वर जायचा तो वरच राहायचा. मग एकदम ती भलतीकडेच दिसायची. बँड पुढे, आई मागे. मला आधी राग यायचा, मग रडू यायचं. आबा मात्र रोज दुपारी चहाचा कप घेऊन शेजारी बसायचे. "लाव ना, बेटा," म्हणायचे आणि ते अडखळणं मुकाट्यानं बघायचे. मला वाटायचं, बिचारे, किती सोसतात.

म्हणून मी कॉम्प्युटरचा वेग वाढवायला शिकवणारे, नवशिक्यांसाठीचे व्हिडिओ पाहायला बसले. एक म्हणे, बायॉसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुळातल्या सेटिंगमध्ये जा, वेगाचा मल्टिप्लायर एकेक घर वाढवा. दुसरा म्हणे, व्होल्टेज वाढवल्याशिवाय काही होणार नाही. तिसरा म्हणे, व्होल्टेजला हात लावलात तर प्रोसेसर गेला म्हणून समजा. चौथा म्हणे, उलट कमी करा. अरे, आधी तुम्ही आपसात ठरवा ना! एकावेळी एकच गोष्ट बदला आणि तापमानावर नजर ठेवा, एवढ्यावर काय ते सगळ्यांचं एकमत. त्यातला एकजण तर स्वेटर घालून बसला होता. इकडे जळगावचा मे महिना, भिंतीला हात लावला तरी चटका बसतो.

माझा प्रोसेसर वेग वाढवू देणाऱ्या जातीचा निघाला. दुकानदारानं तसला कशाला गळ्यात मारला होता, देव जाणे. मी देवाचं नाव घेऊन एक घर वाढवलं. तापमानाचा आकडा लाल झाला आणि कॉम्प्युटर बंद. समोर पाण्याचा कूलर आणून ठेवला, तरी बंद. वाढवलेलं कमी केलं, तरीही बंद! आता मात्र मला काहीच कळेना.

आमचे हे रावेरकडचे, केळीवाले. नशिराबादजवळ ह्यांचं केळी पिकवायचं चेंबर आहे. केळीवाल्यांच्या घरात काहीही तापलं, नासायला आलं, की पहिल्यांदा चेंबर आठवतं. लग्नाचे हार, उरलेलं श्रीखंड, सगळं तिथंच जातं. हे म्हणाले, "एवढं काय घेऊन बसलीस? चेंबरमध्ये नेऊ. तिथं मे महिन्यात शाल लागते." आणि खरं सांगते, मला ते पटलं. गार जागा हवी म्हणतात ना सगळे? मग झालं तर!

पिकअपमधून कॉम्प्युटर नशिराबादला गेला. दोन्ही बाजूंना केळीचे क्रेट, मध्ये आमचं ते धूड. सुरू केला आणि काय सांगू, आकडा खाली! मी एक घर वाढवलं. मग हुरूप येऊन आणखी एक. तेवढ्यात वरून फुसकन आवाज झाला आणि धुकं उतरलं. केळी सुकू नयेत म्हणून तिथं मधूनमधून पाण्याचा फवारा सोडतात. ह्या माणसानं जन्मभर तेच केलंय, तरी त्या घडीला आठवलं नाही. स्क्रीन काळा पडला.

"अहो, आई आहे त्यात!" मी ओरडले. ह्यांचं तोंड उतरलं. अंगावरची शाल काढून ते कॉम्प्युटर पुसायला लागले.

घरी आणून कॉम्प्युटरचा डबा उघडला. आजवर मी तो कधी उघडलाच नव्हता. आमच्या घरासमोर कापसातली सरकी काढायची जिनिंग मिल आहे, तिथून उडालेला सगळा कापूस पंख्यावर बसलेला, गादीच भरावी इतका. ब्रशनं काढला. तिसऱ्या व्हिडिओत सांगितलं होतं म्हणून आतला बटणासारखा सेल काढला. सगळं व्हरांड्यात वाळत ठेवलं. आबा दिवसभर त्याच्याजवळ खुर्ची टाकून बसले. जेवायला हाक मारली तर मला त्यांच्या सोनगीरकडच्या बोलीत विचारतात, "तुनी माय त्यामा शे ना?" मी हो म्हटलं आणि घरात येऊन रडले.

दोन दिवसांनी सगळं जोडलं आणि कॉम्प्युटर सुरू झाला! सेल काढल्यामुळे मी वाढवलेलं सारं पुसलं गेलं होतं, वेग मुळातला होता. तरी आईचा व्हिडिओ लोण्यासारखा चालला. पंखा साफ झाला म्हणून, की सेल काढला म्हणून, की काय म्हणून, ते मला आजही नक्की सांगता येणार नाही.

मी आबांना हाका मारून आणलं. आईनं हात वर केला, खाली आणला, गिरकी घेतली आणि बायकांच्या गर्दीत गेली.

"इतलामा व्हई गयं?" आबा म्हणाले.

परत लावला. परत तेवढ्यातच संपला. आबांनी चहाचा कप खाली ठेवला. "पहिले व्हतं तसं कर ना. ती थांबे, तवय मनाकडे दखे."

मी पाहिलं. हात वर गेलेला असताना आई खरंच बाजूला बघत होती, हळदीच्या दिवशी आबा उभे होते तिकडे. इतक्या वेळा ती तिथं अडकली आणि मी नुसती कॉम्प्युटरला शिव्या देत होते. स्लो मोशन करून देते म्हटलं, तर तेही नको म्हणाले.

वर्षश्राद्धाला सगळ्यांनी तो न अडखळणारा नाच पाहिला, वाहवा केली. आबा तेवढा वेळ व्हरांड्यात जाऊन बसले. आता दुपारी आम्ही दोघंच बसतो, माझं बोट स्पेसबारवर. आईचा हात वर गेला की मी दाबते. ती थांबते. थोड्या वेळानं मी विचारते, "सोडू का आबा?"

"ऱ्हाऊ दे," म्हणतात. "चहा संपू दे."