गोठ्यावरचा गडी

मुठा गावच्या चंद्राबाईची लेक कमळ चार वर्षांची झाली, तरी आईला हाक मारीना की तिच्या डोळ्यांत बघीना. दिवसभर ताटली गरागरा फिरवत बसायची. "तुज्याच दुधाचा दोष. आमच्या घरात असलं कुनी न्हाई," सासू घालूनपाडून बोलायची. नवरा खाली मान घालून ऐकायचा. चंद्राबाईनं उपास करकरून हाडं वर काढली.

साठ साली सासू तापानं फणफणली, म्हणून डोंगरातल्या गोठ्यावरच्या मुक्या गड्याची भाकर पहिल्यांदाच चंद्राबाईनं नेली. गडी ताटली गरागरा फिरवत होता. वयानं थोडा मोठा, पण तोंडवळा हुबेहूब तिच्या नवऱ्याचा.

ती घरी येताच सासूनं अंथरुणातून विचारलं, "दिलीस का भाकर गड्याला?"

"दिली तुमच्या थोरल्या लेकाला. आत्याबाई, त्यो कुनाच्या दुधावर वाढला?"