शांत म्हणायचं नाही

शोकसभेत मुलगा माइकसमोर उभा राहिला, घसा खाकरला आणि म्हणाला, “माझी आई फार शांत होती. उभ्या आयुष्यात तिचा चढलेला आवाज कुणी ऐकला नाही.”

पहिल्या रांगेत बसलेल्या आत्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

ही आत्या म्हणजे गेलेल्या बाईंची नणंद. तिची सारी हयात नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळण्यात गेलेली. राजाचा अंगरखा आणि भिकाऱ्याची लक्तरं तिनं एकाच सुईनं टाचलेली, आणि जीभही त्या सुईसारखीच. वहिनीवर मात्र तिचा जीव. आज सकाळीच तिनं भाच्याला स्वयंपाकघरात गाठून बजावलं होतं, “हे बघ, तिला काय वाट्टेल ते म्हण. विसरभोळी म्हण, हट्टी म्हण, चहा पाणचट करायची म्हण. फक्त शांत म्हणू नकोस.”

“अगं आत्या, शांत म्हणजे चांगलंच ना?”

“तिला गायचं होतं रे. तुम्ही तिला शांत केलीत. आग शांत करतात ना, तशी.”

“बरं, बघतो.”

तिथंच तिनं ओळखायला हवं होतं. ‘बघतो’ म्हणणारे नाटकवाले तिनं काय कमी पाहिले होते?

वहिनी या घरात आली तेव्हा कपडे वाळत घालता घालता गायची. गळा गोड, नाजूक वगैरे अजिबात नव्हता. मोठा होता. वरच्या सुरात कधीकधी रुळावरून घसरायचाही. पण एकदा सुटला की कोपऱ्यावरचा सायकलवाला हातातला पंप थांबवून मान वर करायचा. तिचा नवरा, म्हणजे आत्याचा सख्खा भाऊ, रात्रपाळीला जायचा आणि दिवसा झोपायचा. “हळू गं,” सासूबाई म्हणायच्या, “दमून आलाय तो.” बरोबरच होतं, माणूस दमतो. मग मूल झालं, त्याची झोप. मग त्याचा अभ्यास. मग परीक्षा, आणि परीक्षांचं तर काय, एक उठली की दुसरी तिच्या जागी येऊन बसलेलीच. मग भिंतीपलीकडचे आजोबा अंथरुणाला खिळले. एकेकाकडे पाहिलं तर नाव कुणाला ठेवणार? जो तो आपापल्या जागी खरा. पण सगळे मिळून एका बाईच्या गळ्यावर बसले होते, आणि बसल्या बसल्या म्हणत होते, किती समजूतदार सून आहे!

गाण्याचं गुणगुणणं झालं. पुढे तेही थांबलं. आत्यानं एकदा न राहवून विचारलं, “काय गं वहिनी, हल्ली गात नाहीस?”

“गाते की, वन्सं. कामावर.”

आत्याला वाटलं, ही थट्टा करतेय. कारण वहिनी तेव्हा एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईघरात लागली होती. तळघरातली लांबलचक खोली, एका भिंतीला धुण्याची यंत्रं, दुसऱ्या भिंतीला वाळवण्याची, आणि मधे चादरींचे डोंगर. तिथं शेजारच्या बाईला हाक मारायची तर खांद्यावर थाप मारावी लागे. असल्या गोंगाटात कसलं गाणं?

एके दुपारी वहिनी डबा घरी विसरली, म्हणून तो घेऊन आत्या तिकडे गेली. जिना उतरून दारात पोचते न पोचते तोच वीज गेली. सगळी यंत्रं घरघर करत थांबली आणि त्या तळघरात एक आवाज तेवढा उरला.

“दार उघडंच ठेव गं, मी येता येता—”

भरलेला, मोकळा, भिंतीवर आपटून दुप्पट होऊन परत येणारा आवाज. वाफेत वहिनी उभी होती. डोळे मिटलेले, हातात ओली चादर. विंगेत उभं राहून आत्यानं नावाजलेल्या नटांची गाणी ऐकली होती, पण असा काटा तिच्या अंगावर कधी आला नव्हता. सगळ्या बायकांच्या माना वळल्या. आपण ऐकू येतोय हे वहिनीच्या जरा उशिरा लक्षात आलं, आणि चोरी करताना सापडावं तसं तिनं तोंड मिटलं.

मुकादम म्हणाला, “बाई, हे धुलाईघर आहे, रेडिओ स्टेशन नव्हे!”

बायका हसल्या. वहिनीही हसली. त्या दिवसापासून तिचं कामावरचं गाणंही संपलं.

निवृत्तीनंतर ती मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. आता मोकळी झालीस, आता गा, आत्या फोनवर सांगायची. पलीकडून उत्तर यायचं, “अहो वन्सं, हा दिवसभर घरातूनच काम करतो. त्याची मीटिंग असते.” मीटिंग संपायची तेव्हा नातीची झोपायची वेळ झालेली असायची. असं करता करता बाई गेली.

आणि आता हा पोरगा हॉलभर माणसांसमोर सांगत होता, तिचा आवाज कुणी ऐकला नाही!

“तर आता आपण दोन मिनिटं शांत उभं राहून—”

“बस खाली!” आत्या कडाडली. अर्धवट उठलेली माणसं दचकून पुन्हा बसली. “आवाज ऐकला नाही म्हणे. का ऐकला नाही ते सांग ना! की मी सांगू?”

आणि तिनं सांगितलं. रात्रपाळी, परीक्षा, वीज गेलेली दुपार, सगळं. मधे कुणी “जाऊ द्या हो आत्या” म्हणालं, त्याच्याकडे तिनं असं पाहिलं की तो पाणी प्यायला बाहेर गेला.

धुलाईघरातल्या चार म्हाताऱ्या मागे बसल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, “अगं बाई! ती रोज गायची? आम्हाला तिचं नुसतं तोंड हलताना दिसायचं. आम्ही समजायचो, मुकादमाला शिव्या घालतेय. म्हटलं, एकटी कशाला घालेल, म्हणून आम्हीपण घालायचो.”

हॉलमध्ये हशा पिकला. मुकादमही आला होता, आता काठी टेकत. तो चाचरत म्हणाला, “मी आपलं गमतीनं बोललो होतो हो तेव्हा.”

“गमतीनंच तर!” आत्या गर्रकन वळली. “रागानं बोलला असतात तर भांडली असती ती. गमतीला बिचारी काय उत्तर देणार?”

मुलाचा चेहरा लाल झाला होता. “मग मी काय करू, आत्या? आई आहे का आता ऐकायला?”

“तिच्यासाठी नाही रे बाबा. उद्या तुझी पोरगी विचारेल, आजी कशी होती? तू म्हणशील, शांत. झालं! मग ती कायमची तशीच होऊन बसेल. जी नव्हती ती.”

त्यानं आपल्या मुलीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, “काय गायची?”

आत्या उठून उभी राहिली. तिला गाता येत नव्हतं, आवाज जुन्या पडद्यासारखा विरलेला. तरी तिनं म्हटलं, “दार उघडंच ठेव गं, मी येता येता—”

मुलानं शब्द तेवढे म्हटले.

“चाल कुठंय? बातम्या देतोयस का?”

त्यानं पुन्हा म्हटलं. मागच्या चार म्हाताऱ्यांनी त्यात आपले चार वेगवेगळे सूर मिसळले. नात उठून बापाशेजारी येऊन उभी राहिली.

“पुढे काय आहे?” तिनं विचारलं.

“ते कुणालाच माहीत नाही, बाळ. पुढचं तिला म्हणूच दिलं नाही.” आत्यानं मुकादमाकडे पाहिलं, मग भाच्याकडे, मग शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडेही पाहिलं; तिचा भाऊ हयात असता तर तिथंच बसला असता. “म्हणून आहे तेवढंच म्हणायचं, पण पोट भरून म्हणायचं. तो माइक बंद कर. सगळ्यांनी उठा. हं!”

मुलानं माइक बंद केला, श्वास घेतला, आणि ‘उघडंच’वर त्याचा आवाज फाटला. तो थांबला.

“फाटू दे,” आत्या म्हणाली. “थांबलास का? पुन्हा.”