मुठीतल्या नाण्याचा आवाज

उंबऱ्यावर लेक बसलीया, पुढ्यात जुनी नाणी पसरून. तिचा बाप बाजारात जादूचे खेळ करायचा, आता ती करती. मुठीतनं गायब करायचं नाणं मोठं अन् झिजलेलं पाहिजे. नवं नाणं चकाकतं, दुसऱ्या नाण्याला लागलं की वाजतं. वाजलं की लोकं हसत्यात, थाळीत कायबी पडत नाही.

नवरा मला पाठमोरी बसवायचा अन् मुठीत दोन नाणी सरकवायचा. मला आवाज आला की ती बाद. घरात पीठ नसलं तरी निवडलेली नाणी खर्चू दिली नाहीत त्यानं. पैसा असून पोरं उपाशी का, हे मला तवाबी उमगलं नाही, आताबी नाही.

आजबी लेकीसाठी तशीच पाठमोरी बसले. लई वेळ कायबी ऐकू आलं नाही.

"ही चांगली गं, वाजतच नाहीत."

"आये, झोपलीस का काय? तीनदा वाजली की!"

मागल्या बाजाराला मीच ऐकून निवडलेली नाणी घेऊन ती गेली अन् रिकामी आली, हात चुकला म्हणाली. हात चुकला का माझा कान, हे आता कुणाला इचारू?