ताईंनी धरलेलं मनगट
उदगीरच्या ताईंनी त्या दुपारी माझं मनगट धरलं नसतं, तर मी आज इथं बंगळुरात नसतो. परवा ऑफिसात लाईट गेली, यूपीएस किंचाळला आणि लातूरचं ते कॉम्प्युटर सेंटर आठवलं. मी नववीत शाळा सोडलेला. सेंटरातच काम, सेंटरातच झोप. मालक सारखे बजावायचे, "मशीन बिघडली की किनवटची गाडी धर, गावाकडं जा." त्या दिवशी मी लिनक्सवर मराठी फॉन्टचं पॅकेज टाकत होतो. ते बसायच्या आधी दुसरं पॅकेज मागायचं, ते दुसरं तिसरं मागायचं. शेवटी एक जुनी फाईल आडवी येत होती म्हणून मी ती दुसऱ्या फोल्डरात हलवली, आणि एकही कमांड चालेना. साऱ्या प्रोग्रामांचा आधार तीच होती! अंगाला घाम सुटला. विंडोजच्या सवयीनं बोट बंद करायच्या बटणाकडं गेलं, तेवढ्यात सेंटरात शिकवणाऱ्या ताईंनी मनगट धरलं. "येड्या, बंद केलीस तर ही परत उठायची न्हाई!" आणि तेव्हाच लाईट गेली, यूपीएस ओरडायला लागला. "ताई, याची बॅटरी लई जुनी हाय, टिकायची न्हाई." "माहीत हाय. फाईल हलवलेली खिडकी उघडी हाय ना? आधीपासून चालू हाय ते अजून चालतंय. कमांड नको, तिथूनच माऊसनं ओढून माघारी ठेव." मी माऊस धरला. फाईल जागेवर गेली, आणि लगेच बॅटरी संपून स्क्रीन काळी पडली. लाईट येईस्तोवर मला गावाकडल्या घराचं दारच दिसत होतं. मशीन उठली तेव्हा ताई एवढंच म्हणाल्या, "आता पाणी पी." ताई रेणापुरात स्वतःचा क्लास काढून राहिल्यात, असं कळलंय. ताई, तिथली एकूण एक मशीन मीच येऊन बसवून देणार.