गाडी पोचल्याची वर्दी

बाबा जन्मभर स्टेशन मास्तर. निवृत्तीनंतरही त्यांच्या लेखी जगात दोनच गोष्टी होत्या: आलेली गाडी आणि न आलेली. म्हणून मी संगणकावर दीर्घिका घडवते म्हणजे काय करते, हे त्यांना सांगताना मी गाडीचाच आधार घेतला. विश्वाच्या बालपणी विरळ वायू पसरलेला असतो. तिथून सुटायचं, वायू गोळा होत, तारे पेटत, लहान दीर्घिका मोठ्यांत मिसळत आजच्या काळाला पोचायचं. गणित दूरच्या मोठ्या संगणकावर कित्येक आठवडे चालतं, मी लॅपटॉपवरून लक्ष ठेवते.

"दोन दीर्घिका आदळल्या तर तारे फुटत असतीन ना?"

"नाही बाबा, मधे इतकी जागा असते की बाजूनं निघून जातात."

"मंग डबल लाइन आहे," ते समाधानानं म्हणाले.

त्यांचं दुखणं हाताबाहेर गेलं तशी मी काम घेऊनच रायपूरला, ब्राह्मणपाऱ्यातल्या घरी आले. रोज सकाळी लॅपटॉप उघडला की खाटेवरून हाक यायची, "कुठवर आली?" मी सांगायची. शेवटच्या डब्यामागची पाटी दिसल्याशिवाय पोचली म्हणू नको, असं ते बजावायचे. गाडी पूर्ण पोचल्याची वर्दी गेल्याशिवाय मागच्या गाडीला लाइन मिळत नाही, हा त्यांच्या नोकरीतला नियम. हे कशाच्या बळावर तगून आहेत, असं डॉक्टर म्हणत. मला ठाऊक होतं.

एका सकाळी दीर्घिका आजच्या काळाला पोचली. दोन भुजांची, देखणी. इतक्या दिवसांच्या कामाचं चीज झालं आणि खाटेवरून हाक आली, "कुठवर आली?"

"अजून नाही," मी म्हणाले. दुसऱ्या दिवशीही तेच. पुढेही तेच. बाप आहे तो माझा. मला त्याला सोडायचं नव्हतं.

बाबांनी विचारणंच थांबवलं. दुखणं सोसवेना, कूस बदलली तरी कण्हत. एका दुपारी पेज भरवताना त्यांनी माझं मनगट धरलं.

"पोट्टे, गाडी कधीचीच आली. काहून लपवून राहिली? सकाळी उठून ते डबडं उघडतच नाहीस तू आता."

मी मान खाली घातली.

"दे वर्दी. मांगं मी उभा आहो."

मी चमचा वाटीत ठेवला. रडू आवरत नव्हतं.

"पोचली, बाबा. पूर्ण पोचली."

"हव," ते म्हणाले, आणि त्यांनी माझं मनगट सोडलं.